वीज येते कुठून, परत जाते कुठून: नवशिक्यांसाठी सर्किटची ओळख

ठाणे स्टेशनात वाशी-पनवेलची लोकल लागली की तिच्या टपाकडे बघा. पेंटोग्राफ, म्हणजे वीज घेणारा टपावरचा घडीचा सांगाडा, वरच्या एकाच तारेला टेकलेला दिसतो. मोबाइलच्या चार्जरलासुद्धा दोन पिना लागतात, मग अख्ख्या गाडीचं एका तारेवर कसं भागतं? उत्तर गाडीच्या खाली आहे. २५,००० व्होल्टच्या तारेतून आलेला करंट गाडीतल्या ट्रान्सफॉर्मरमधून फिरून चाकांवाटे रुळांत उतरतो आणि रुळांमार्गे सबस्टेशनकडे परत जातो. रूळ हीच इथली दुसरी तार.

वीज शिकायला बसलेल्याने एवढी एक गोष्ट पक्की धरावी. करंटला जायला रस्ता लागतो तसा परत यायलाही लागतो, आणि तो रस्ता कुठेही तुटला तर सगळंच थांबतं. शॉक का बसतो, एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) का पडतो, पावसाळ्यात आरसीसीबी (करंट भलत्या वाटेने गेला की लाइन तोडणारा स्विच) सारखा ट्रिप का होतो, गणपतीच्या तोरणातले अर्धेच दिवे का पेटतात, हे सगळं एका प्रश्नापासून उलगडत जातं: इथे करंट कुठून येतोय आणि परत कुठून जातोय? माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी हाच प्रश्न देतो आणि शेवटच्या दिवसापर्यंत तोच विचारतो.

खालच्या पायऱ्या क्रमानेच करा. सुरुवातीच्या सगळ्या पायऱ्या पेन्सिल सेलवर आहेत. त्या हाताखालून गेल्याशिवाय घरातल्या बोर्डाचा स्क्रूसुद्धा सैल करायचा नाही. व्हिडिओ बघून थेट बोर्ड उघडणारे बरेच जण मला भेटतात, आणि मी त्यांना आधी सेल घेऊन बसवतो.

सामान

चार पेन्सिल सेल आणि ते बसवायचा चार खणांचा होल्डर, तीन लाल एलईडी, ३३० ओहमचे तीन रेझिस्टर (करंटला अडवणारा छोटा पार्ट), १,००० ओहमचा एक रेझिस्टर, एक ब्रेडबोर्ड (पार्ट नुसते खोचून जोडायची भोकांची पट्टी), थोड्या जंपर वायरी आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर. एलईडी आणि रेझिस्टर एक-दोन जास्तच घ्या. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला किंवा वाशीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारून बघा. नाहीच मिळालं तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचा, तिथे सुटे पार्ट हवे तेवढे मिळतात. घराच्या वायरिंगचं सामान म्हणजे वायर, स्विच, एमसीबी वगैरेसाठी दक्षिण मुंबईतली लोहार चाळ. नवीन माणूस हमखास ह्या दोन बाजारांची गल्लत करतो आणि फेरी फुकट जाते.

रेझिस्टरवर आकडे नसतात, रंगांचे पट्टे असतात. ३३० ओहमवर नारिंगी, नारिंगी, तपकिरी. १,००० ओहमवर तपकिरी, काळा, लाल. शेवटचा सोनेरी पट्टा किंमत पाच टक्के इकडेतिकडे असू शकते एवढंच सांगतो.

पहिली पायरी: एक दिवा, एक वाट

होल्डरची लाल वायर म्हणजे प्लस, काळी म्हणजे मायनस. ब्रेडबोर्डवर पाच-पाच भोकांची एकेक ओळ आतून जोडलेली असते. लाल वायर एका ओळीत खोचा. त्याच ओळीत ३३० ओहमच्या रेझिस्टरचा एक पाय, दुसरा पाय दुसऱ्या ओळीत. त्या दुसऱ्या ओळीत एलईडीचा लांब पाय, आखूड पाय तिसऱ्या ओळीत. तिसऱ्या ओळीत काळी वायर. दिवा पेटला.

पेटला नाही तर एलईडी उलटा लावून बघा. एलईडी करंटला एकाच दिशेने जाऊ देतो. तरीही पेटला नाही तर बोट ठेवून रस्ता तपासा. प्लसपासून निघा, रेझिस्टर, एलईडी, काळी वायर, मायनस. जिथे बोट अडेल तिथे चूक. बहुतेक वेळा दोन पाय शेजारशेजारच्या वेगळ्या ओळींत गेलेले असतात.

आता पेटलेल्या दिव्याची काळी वायर काढा. विझला. परत लावा आणि ह्या वेळी लाल काढा. तसाच विझला. रस्ता कुठल्याही टोकाला तोडा, परिणाम तोच. म्हणजे दिव्याच्या आधीची वायर महत्त्वाची आणि नंतरची नुसती नावाला, असं काही नसतं. हे आत्ता क्षुल्लक वाटेल, पण घरातल्या न्यूट्रलपाशी आलात की हेच कामाला येईल.

एक बारीकशी गोष्ट सांगून ठेवतो. आपण करंट प्लसकडून मायनसकडे वाहतो असं धरतो. तारेतले इलेक्ट्रॉन खरं तर उलट, मायनसकडून प्लसकडे सरकतात. करंटची दिशा ठरली तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला माहीत नव्हता, त्याचा शोध १८९७ सालचा. हिशेबाला दोन्हीपैकी कुठलीही दिशा चालते, म्हणून जुनीच राहिली.

दुसरी पायरी: व्होल्ट, अँपिअर, ओहम

हे तीन शब्द एकत्रच समजतात, एकेकटे नाहीत. आपल्याकडच्या इमारतींत गच्चीवर पाण्याची टाकी असते. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर शॉवरला जोर नसतो आणि पहिल्या मजल्यावर तोच शॉवर सणसणीत येतो, कारण पाणी किती उंचीवरून उतरतंय त्यावर जोर ठरतो. व्होल्टेज म्हणजे ही उंची. ती नेहमी दोन ठिकाणांमधली असते, एकट्या जागेला उंची नसते. नळातून किती पाणी वाहतंय तो करंट, म्हणजे अँपिअर. नळ किती चोंदलेला आहे तो रेझिस्टन्स, म्हणजे ओहम. ही तुलना इथवरच चालते. पाइप कापला तर पाणी बाहेर सांडतं, तार कापली तर करंट सांडत नाही, थांबतो.

आता मल्टिमीटर घ्या. काळी प्रोब "कॉम" लिहिलेल्या भोकात, लाल प्रोब व्होल्ट-ओहमच्या भोकात. नॉब डीसी (सेलसारख्या एकाच दिशेच्या करंटच्या) २० व्होल्टवर. दोन्ही प्रोब सेलच्या होल्डरच्या दोन टोकांना लावा. नवे सेल असतील तर ६ व्होल्टपेक्षा थोडं जास्तच दिसेल. मग फक्त एलईडीच्या दोन पायांवर लावा: साधारण २ व्होल्ट. रेझिस्टरच्या दोन पायांवर: ४ च्या आसपास. दोन आणि चार मिळून सहा. सेलने दिलेली सगळी उंची रस्त्यातल्या वस्तूंमध्ये वाटली जाते, काही शिल्लक राहत नाही आणि कुठून जास्तीची येत नाही. हे आकडे वहीत लिहा.

जर्मनीतल्या गेऑर्ग ओहमने १८२७ साली मांडलेला नियम इथेच तपासता येतो. करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स. रेझिस्टरवर ४ व्होल्ट, रेझिस्टर ३३० ओहम, म्हणजे करंट साधारण ०.०१२ अँपिअर, १२ मिलिअँपिअर. ३३० च्या जागी १,००० ओहमचा लावा: आता ४ मिलिअँपिअर. दिवा स्पष्ट मंद दिसेल. रेझिस्टर न लावता एलईडी थेट सेलला जोडला तर त्याला अडवणारं जवळपास काहीच उरत नाही, करंट वाढतो आणि एलईडी जळतो. तो एक जाळून बघितलात तरी हरकत नाही, तेवढ्यासाठी जास्तीचे घ्यायला सांगितले. डोळे जरा लांब ठेवा.

इथे मल्टिमीटरचा एक सापळा आहे. करंट मोजताना मीटर रस्त्याच्या मधे, तार तोडून बसवावा लागतो. त्यासाठी लाल प्रोब वेगळ्या, "१० ए" लिहिलेल्या भोकात घालतात. ह्या भोकातून मीटर म्हणजे जवळजवळ सरळ तारच. करंट मोजून झाला, प्रोब तिथेच राहिली आणि नंतर तीच प्रोब व्होल्टेज मोजायला सेलवर लावली, तर सेलचा शॉर्ट झाला. पेन्सिल सेल फक्त गरम होईल. घरच्या सॉकेटवर हेच झालं तर मीटर हातात फुटतो. म्हणून सवयच लावा: करंट मोजून झाला की प्रोब लगेच व्होल्टच्या भोकात. आणि स्वस्तातल्या पिवळ्या मीटरने घरची लाइन मोजू नका, तो सेलपुरताच ठेवा.

तिसरी पायरी: सिरीज आणि पॅरलल

एकाच ३३० ओहमच्या रेझिस्टरपुढे दोन एलईडी एकामागे एक लावा. दोघे मिळून ४ व्होल्ट घेतात, रेझिस्टरला दोनच उरतात, करंट ६ मिलिअँपिअरवर येतो. दोन्ही मंद. तिसरा एलईडी रांगेत लावला की सहाच्या सहा व्होल्ट तिघांतच संपतात आणि तिघेही जेमतेम मिणमिणतात किंवा पेटतच नाहीत. ही सिरीज. एक काढला की सगळे विझतात, कारण रस्ता एकच.

आता प्रत्येक एलईडीला स्वतःचा ३३० ओहमचा रेझिस्टर द्या आणि प्रत्येक जोडी थेट प्लस-मायनसमध्ये लावा. ही पॅरलल. सगळे पूर्ण तेजाने पेटतात, एक काढला तरी दुसऱ्यांना फरक पडत नाही. मात्र सेलमधून निघणारा एकूण करंट बेरजेने वाढतो: दोन असतील तर २४ मिलिअँपिअर, तीन असतील तर ३६. तुमच्या घरातले पंखे, दिवे, फ्रिज सगळे असेच पॅरलल जोडलेले आहेत. जेवढी उपकरणं चालू, तेवढे जास्त रस्ते, मेन वायरमधून तेवढा जास्त करंट.

गणपतीच्या किंवा दिवाळीच्या तोरणात दोन्हींचं मिश्रण असतं. एलईडींचे गट असतात, गटातले दिवे सिरीजमध्ये आणि गट एकमेकांना पॅरलल. एक दिवा गेला की त्याचा अख्खा गट काळा पडतो आणि बाकीचं तोरण चालू राहतं. इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. दिवे बारीक आहेत म्हणून तोरण कमी व्होल्टेजचं असतं असं समजू नका. अडॅप्टर नसलेलं साधं तोरण थेट २३० व्होल्टवर चालतं, त्याच्या सोललेल्या वायरीला हात लागला तर सॉकेटमध्ये बोट घातल्यासारखंच आहे. मखराच्या लोखंडी फ्रेमला तोरण तारेने करकचून बांधताना वायरीचं कव्हर कापलं जातं आणि फ्रेम लाइव्ह होते. प्लग काढल्याशिवाय तोरणातला दिवा बदलायचा नाही. घरातही नाही आणि मंडळाच्या मांडवात तर नाहीच.

पॅरलल रस्त्यांचा हिशेब किती मोठ्या प्रमाणावर लागू होतो ते १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या सगळ्यांनी पाहिलं. कळवा आणि पडघ्याच्या ४०० केव्हीच्या, म्हणजे चार लाख व्होल्टच्या, केंद्रांकडच्या वाहिन्या बंद पडत गेल्या, त्यांचा भार उरलेल्या वाटांवर आला, आणि सकाळी दहाच्या सुमारास लोकल, रुग्णालयं, कार्यालयं सगळीकडचे लाइट गेले. एक रस्ता बंद झाला की त्याचा करंट नाहीसा होत नाही, दुसऱ्या रस्त्यांवर चढतो.

चौथी पायरी: वॉट आणि बिलातलं युनिट

व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. हे सूत्र उलटं वापरायला शिका, कारण प्रत्येक उपकरणावर वॉट छापलेले असतात. २,००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. १,००० वॉटची इस्त्री ४.३. ९ वॉटचा एलईडी बल्ब जेमतेम ०.०४, म्हणजे ४० मिलिअँपिअर. हा शेवटचा आकडा लक्षात राहू द्या.

१,००० वॉट एक तास चालले की एक युनिट. ७५ वॉटचा जुना पंखा रोज दहा तास चालला तर महिन्याला साडेबावीस युनिट. ३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा तेवढाच वेळ चालला तर नऊ. एका संध्याकाळी घरातल्या प्रत्येक उपकरणामागची पट्टी वाचून अशी यादी करा. मोटर असलेल्या उपकरणांत हिशेब थोडा वेगळा पडतो, पण अंदाजाला एवढं पुरतं.

आता भाजलेल्या प्लगचा हिशेब. तारेत किंवा जोडात तयार होणारी उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. गीझरच्या सॉकेटमधली पकड सैल झाली आणि तिथे अर्धा ओहम रेझिस्टन्स आला असं धरा. ८.७ चा वर्ग साधारण ७६, त्याच्या निम्मे ३८. म्हणजे शेंगदाण्याएवढ्या जागेत ३८ वॉटची उष्णता. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामातला सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचा असतो आणि तो कथील वितळवतो. प्लास्टिक पिवळं पडणं, मग तपकिरी होणं, मग जळका वास, हा क्रम ज्यांनी पाहिलाय त्यांना कारण आता कळेल. एमसीबी हे पकडू शकत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. तिथे सॉकेट बदलणं हाच उपाय. आणि गीझर, इस्त्री, इंडक्शन ह्यांना पातळ वायरीच्या ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर कधीच लावू नका.

पाचवी पायरी: घरातली लाइन, न उघडता समजून घ्या

सेलचा करंट एकाच दिशेने वाहतो, तो डीसी. घरच्या लाइनमधला करंट एसी, सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होणारा. हे ५० सांभाळण्यातला आपल्या राज्याचा वाटा ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून उचलला जातो. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढी नसली तर हा आकडा खाली घसरतो, म्हणून तिथे दिवसरात्र त्यावर नजर असते. ट्रान्स हार्बरने, म्हणजे ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या लोकलने, रोज ऐरोली-रबाळ्यावरून जाणाऱ्या कित्येकांना हे माहीत नसतं.

आपल्या भागात ११ किंवा २२ हजार व्होल्टची लाइन वस्तीतल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत येते. तिथून चार वायरी निघतात, तीन फेज (करंट आणणाऱ्या) आणि एक न्यूट्रल (परत नेणारी). दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट, कुठलीही एक फेज आणि न्यूट्रल ह्यांत २३०. तुमच्या फ्लॅटला सहसा एक फेज आणि न्यूट्रल मिळते. शेजारच्या विंगमध्ये लाइट आहेत आणि आपल्याकडे नाहीत, असं होतं ते बहुधा एकच फेज गेल्यामुळे.

ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल जमिनीत गाडलेली असते, म्हणजे अर्थ केलेली असते. शॉकचं सगळं गणित ह्या एका जोडणीवर उभं आहे. तुम्ही अनवाणी ओल्या फरशीवर उभे आहात आणि फेजला हात लागला. करंट आला फेजमधून. परत कुठून जाणार? हातातून अंगात, पायांतून फरशीत, जमिनीतून ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलकडे. सर्किट पूर्ण. तुम्ही त्यातला रेझिस्टर.

किती करंट? ओल्या त्वचेने अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. २३० भागिले १,०००, म्हणजे २३० मिलिअँपिअर. एक मिलिअँपिअरला झिणझिण्या येतात, दहाच्या पुढे स्नायू आखडून धरलेली वस्तू सोडवत नाही, तीसच्या पुढे हृदयाला धोका सुरू होतो. मघाचा ९ वॉटचा बल्ब ४० घेतो. एका बल्बाएवढा करंटही माणसाचा जीव घेऊ शकतो.

टेस्टरचं तत्त्वही हेच. आतल्या निऑन दिव्याला मोठा रेझिस्टर जोडलेला असतो, त्यामुळे मिलिअँपिअरपेक्षा कमी करंट तुमच्या बोटातून जमिनीत जातो आणि दिवा पेटतो. टेस्टर फक्त "इथे फेज आहे" एवढंच सांगतो. परतीची वाट शाबूत आहे का, हे तो सांगत नाही. पंखा चालत नाही, टेस्टर मात्र सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो, असं झालं की लोक म्हणतात दोन फेज आल्या. तसं नसतं. न्यूट्रल कुठेतरी तुटलेली असते आणि चालू ठेवलेल्या एखाद्या दिव्यातून फिरून फेजच न्यूट्रलच्या वायरीत येऊन थांबलेली असते. वायरमन ह्याला रिटर्न म्हणतात. पहिल्या पायरीत काळी वायर काढली होती, तेच हे. म्हणून "लाइट गेलेत, म्हणजे वायर सुरक्षित" असं कधीही गृहीत धरू नका, आणि उलट टेस्टर पेटला नाही म्हणूनही हात घालू नका. टेस्टर खराब असू शकतो. आधी चालू असलेल्या सॉकेटवर तो तपासायचा.

सहावी पायरी: एमसीबी, आरसीसीबी, अर्थिंग

घराच्या दाराजवळच्या डीबीचं, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीचं, झाकण उघडा, आतला पत्रा नाही. एमसीबींवर सी १०, सी १६, सी २० असे आकडे दिसतील. हा आकडा म्हणजे त्या वायरीतून सतत किती अँपिअर जाऊ द्यायचे त्याची मर्यादा. एमसीबी वायरीला वाचवण्यासाठी आहे, माणसाला नाही. २३० मिलिअँपिअर अंगातून जात असताना १६ अँपिअरच्या एमसीबीला काही झालंय हे कळणारही नाही.

एमसीबी सारखा पडतो म्हणून १६ चा काढून ३२ चा बसवून देणारे महाभाग भेटतात. आतली वायर तीच राहते. म्हणजे आता मर्यादा वायरीच्या ताकदीपेक्षा वर गेली, आणि पुढच्या वेळी एमसीबीच्या आधी भिंतीतली वायर तापेल. एमसीबी पडतोय तर भार जास्त आहे किंवा कुठेतरी शॉर्ट आहे, ते शोधायचं. वायरीची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये सांगतात: दिव्या-पंख्यांना साधारण १.५, एअर कंडिशनर-गीझरच्या पॉइंटला ४. घोडबंदर रोडच्या नव्या इमारतींत हे बहुतेक व्यवस्थित असतं. नवी मुंबईतल्या सिडकोच्या जुन्या घरांत एअर कंडिशनर नंतर बसवलेला असेल तर त्याची वायर कुठून ओढली आहे हे आवर्जून बघून घ्या.

माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. तो दोन खणांएवढा रुंद असतो, त्यावर ३० एमए लिहिलेलं असतं आणि "टी"चं छोटं बटण असतं. त्याच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकाच कड्यातून जातात. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत आला तर तो शांत. फरक पडला, म्हणजे काही करंट दुसऱ्याच वाटेने, कदाचित कुणाच्या अंगातून, जमिनीत चाललाय. फरक ३० मिलिअँपिअर झाला की तो सेकंदाच्या अंशात लाइन तोडतो. तो करंटची जा-ये मोजतो, बाकी काही नाही, आणि म्हणूनच मला ह्या उपकरणाबद्दल फार आदर आहे. घरात नसेल तर दिवाळीचा रंग पुढे ढकला, पण हा बसवून घ्या. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरली तर गेलेला करंट पूर्ण परत येतो, तेव्हा आरसीसीबीही काही करू शकत नाही.

जुलै-ऑगस्टात आरसीसीबी वारंवार ट्रिप होतो, कारण ओल. बाहेरच्या भिंतीतल्या पाइपात पाणी, बाल्कनीतला सॉकेट, वॉशिंग मशीनची मोटर, गीझरचं गळकं कॉइल. सगळे एमसीबी बंद करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चालू करत जा. ज्याला तो पडला त्या लाइनवरची उपकरणं प्लगमधून काढून पुन्हा बघा. तरी पडला तर दोष वायरिंगमध्ये आहे. कटकट नको म्हणून आरसीसीबी बायपास करून घेणं म्हणजे नेमक्या धोक्याच्या महिन्यात संरक्षण काढून टाकणं.

अर्थिंगची हिरवी वायर म्हणजे करंटला आधीच करून ठेवलेली सोपी परतवाट. गीझरच्या आत फेज पत्र्याला टेकली तर करंट तुमच्याऐवजी हिरव्या वायरीने जातो आणि लाइन ट्रिप होते. थ्री-पिन प्लगची अर्थची पिन मुद्दाम लांब आणि जाड असते, आत जाताना ती आधी टेकते आणि बाहेर येताना शेवटी सुटते. ती पिन कापून टू-पिनमध्ये घुसवायची नाही. आणि एक अगदी घातक प्रकार: अर्थची वायर आलेलीच नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनेला जोडून देतात. न्यूट्रल त्या सॉकेटच्या अलीकडे कुठे तुटली तर गीझरच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात. काम करणारा असं सुचवत असेल तर त्याला थांबवा.

सातवी पायरी: स्वतःचा डीबी तपासा

दुपारी, घरात कुणाचं काम अडणार नाही अशा वेळी, आरसीसीबीचं "टी" बटण दाबा. खटका खाली पडायला हवा आणि लाइट जायला हवेत. पडला तर पुन्हा वर करा आणि दर महिन्याला हेच करत राहा. पडला नाही तर लाइन आहे ना ते आधी बघा. लाइन असूनही पडला नाही तर तो आरसीसीबी निकामी आहे किंवा चुकीचा जोडलाय, त्याच दिवशी लायसन असलेल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्याला प्रत्येक एमसीबीखाली कुठल्या खोलीची लाइन आहे ते मराठीत लिहून चिकटवायला सांगा, आणि अर्थचा रेझिस्टन्स मोजून द्यायला सांगा, नुसता टेस्टर लावून नाही.

रस्त्यावरचा खांब, फीडर पिलर (रस्त्याकडेची वीजवाटपाची पेटी) किंवा सोसायटीची मीटर केबिन पावसात लाइव्ह वाटली तर तिथे टेस्टर घेऊन जाऊ नका. लांब राहा, लहान मुलांना आणि वॉचमनला सांगा आणि १९१२ वर फोन करा. कुणी चिकटलेला दिसला तर त्याला हात लावायच्या आधी मेन बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला तारेपासून दूर ढकला, आणि ढकलताना स्वतः कोरड्या जागी, पायांत रबरी चप्पल घालूनच उभे राहा. ही युक्ती घरच्या लाइनपुरतीच. ट्रान्सफॉर्मर, उच्च दाबाची लाइन किंवा रेल्वेची तार असेल तर काठीही नाही, जवळही नाही.